शेंगा राहू द्या वेलावर
परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. दोन वर्षांपूर्वी कौन्सिलकडून अर्धा अलॉटमेंट प्लॉट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळाला. यंदा मे महिन्यात रनर बीन्सचे, म्हणजे घेवड्यासारख्या शेंगांच्या वेलाचे, तीन तंबू उभारले, प्रत्येकाला वर एकत्र बांधलेल्या आठ काठ्या. जुलै संपल्यापासून एक दिवसाआड टोपलीभर शेंगा निघतायत. शेजारी, ऑफिस, मुलांच्या मित्रांची घरं, सगळीकडे वाटून झाल्या. गेल्या वर्षी फ्रीझरमध्ये ठेवल्या त्या रबरासारख्या झाल्या, वर गवताचा वास. मिठात घातलेली बरणी चिकट झाली, ती टाकून दिली. आता एका व्हिडिओत पाहिलं की मिठाच्या पाण्यात घालून, बरण्या घट्ट बंद करून उकळायच्या म्हणजे वर्षभर टिकतात. तसं करू का? सासूबाई ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे आहेत. त्या कोरेगाव तालुक्यातल्या. त्यांचं म्हणणं, शेंगा तोडूच नका, वेलावर वाळू द्या, घेवडा करू. पण मी एक जून शेंग सोलली तर आत जांभळ्या-काळ्या बिया निघाल्या. विषारी तर नसतील? मुलं आठ आणि पाच वर्षांची आहेत.
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : तू ताई म्हटलंस म्हणून अगं-तुगंच करते. तुझ्या सासूबाईंचं ऐक. सगळ्या शेंगा ठेवू नकोस, पण तीनातला एक तंबू आजपासून त्यांच्या नावावर करून टाक. पत्र आलं त्याच दिवशी तुला दोन ओळींत एवढंच कळवलं होतं. आता सविस्तर लिहिते, कारण ऑगस्टमध्ये मला येणाऱ्या निम्म्या पत्रांत याच शेंगांची तक्रार असते.

मी 1996 साली नॉटिंगहॅमला आले. माझं माहेर अलिबागजवळचं. भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचे, थंडीत शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावायची आणि उरलेले वाल वाळवून, राख चोळून मडक्यात भरायचे, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. इथे प्लॉट मिळाल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी मला मूठभर रनर बीन्स दिले. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस, हात एवढे मोठे की बी त्यांच्या तळव्यावर चवळीएवढं दिसायचं. काठ्या कशा बांधायच्या, खाली खड्ड्यात काय पुरायचं, सगळं त्यांनी शिकवलं. आणि ऑक्टोबरात एका सकाळी पाहते तर ते आपले वेल उपटून सरळ कंपोस्टच्या ढिगावर टाकतायत. वेलांना वरच्या बाजूला, हात न पोचलेल्या, टम्म फुगलेल्या शेंगा लटकलेल्या. पुढच्या वर्षासाठी त्यांनी तीसेक बिया बाजूला काढल्या होत्या, बाकीचं सगळं ढिगावर. मी विचारलं, "या मी घेऊ का?" ते म्हणाले, "घे, पण त्याचं करणार काय?"

एक शेंग मी तिथेच उभ्या उभ्या सोलली. वाळलेली साल कागदासारखी कडकडली. आतून पांढरं, मऊ, फेल्टसारखं अस्तर होतं आणि त्यात पाच बिया. गुलाबी-जांभळ्या, वर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके. अंगठ्याच्या पेराएवढं एकेक बी! आमच्या वालाचे तीन मावले असते त्यात. त्या दिवशी ढिगावरून मी जवळजवळ किलोभर बी निवडून घरी आणलं. तेव्हापासून माझ्याकडे रनर बीन्स 'जास्त' कधी झाले नाहीत.

इंग्लंडमध्ये हा वेल हिरव्या शेंगेसाठीच लावतात. मूळचा हा मेक्सिको-ग्वाटेमालाच्या उंच डोंगराळ भागातला. इथे तो सतराव्या शतकात आला तो लाल फुलांच्या शोभेसाठी, शेंगा खायला लागले ते नंतर. पण इंग्लंडच्या बाहेर पाहिलंस तर उलट आहे. ग्रीसमध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी याच जातीचे मोठे पांढरे दाणे पिकवतात आणि टोमॅटोत भाजून खातात. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात जांभळे-काळे दाणे उकडून, कांदा घालून, भोपळ्याच्या बियांच्या तेलात कालवतात. म्हणजे हे सरळसरळ कडधान्य आहे, आणि कडधान्य साठवणं ज्या घरांत रक्तात आहे तिथल्या मुली इथे येऊन शेंगांना फ्रीझर पुरत नाही म्हणून रडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुझ्या सासूबाईंच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा घे. लाल रेघांचा तो दाणा भौगोलिक मानांकन मिळालेला, राजम्याच्या कुळातला. रनर बीन त्याचा चुलतभाऊ. त्यांनी शेंग हातात घेताच ओळखलं, यात नवल नाही.

आता विषाचं. तुझी शंका रास्त आहे आणि मुलं लहान आहेत म्हणून स्पष्टच सांगते. कच्च्या बियांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. राजम्यात असतं तेच. नुसत्या भिजवलेल्या कच्च्या चार-पाच दाण्यांनीही तीन तासांच्या आत उलट्या सुरू होऊ शकतात. इंग्लंडमध्ये 1976 साली सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांना असाच त्रास झाला होता, त्यांनी राजमा भिजवून न शिजवता खाल्ला होता. बीच्या जांभळ्या रंगाशी याचा संबंध नाही, पांढऱ्या बियांनाही हाच नियम. म्हणून पाच वर्षांच्या लेकाला बिया खेळायला देताना लक्ष ठेव, ते बी गोळीसारखं सुंदर दिसतं.

शिजवल्यावर मात्र काही भीती नाही, फक्त नीट शिजवायचं. बारा तास भिजव, ते पाणी ओतून दे, दाणे धू, ताज्या पाण्यात टाक आणि झाकण न लावता चांगलं खळखळून दहा मिनिटं उकळ. मग कुकर लाव, मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाणा जुना असेल तर आणखी पाच. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. एक गोष्ट कधीच करायची नाही : हे दाणे कच्चे स्लो कुकरमध्ये टाकायचे नाहीत. तिथलं तापमान उकळीला पोचत नाही आणि अर्धवट तापलेल्या दाण्यात ते द्रव्य कमी होण्याऐवजी जास्त बाधतं. मोड आणलेस तरी उकळी चुकवायची नाही.

आता तंबू राखायचा कसा. या वेलाचा स्वभाव असा की एक जरी शेंग जून झाली, तर तो समजतो आपलं काम झालं, आणि फुलं धरणं कमी करतो. त्यामुळे तिन्ही तंबूंवर थोड्या थोड्या शेंगा राखशील तर तिन्ही बिघडतील. एकच निवड, जिथे ऊन जास्त वेळ राहतं तो, आणि त्यावरच्या शेंगा आता अजिबात तोडू नकोस. उरलेल्या दोहोंवरच्या मात्र दोन-तीन दिवसांनी न चुकता तोडायच्या, लागोत न लागोत. सुट्टीवर जाणार असशील तर शेजारच्या प्लॉटवाल्यांना सांगून जा, "तोडा आणि घेऊन जा."

राखलेल्या शेंगा आधी फुगतील, मग पिवळ्या पडतील, मग तपकिरी होऊन वाऱ्यात वाजायला लागतील. वाजल्या की तोड. पण इथला ऑक्टोबर ओला असतो. आठवडाभर पाऊस दिसत असेल तर वेलच मुळाजवळ काप आणि शेडमध्ये उलटा टांगून ठेव, हवा खेळती राहील असा. बुरशी धरलेली शेंग सरळ काढून टाकायची, तिचं बी मोहात पडून ठेवायचं नाही. सोललेले दाणे ताटात पसरून घरात आणखी दोन आठवडे वाळव. नख रोवून बघायचं, खूण उमटली तर अजून ओल आहे. पूर्ण वाळले की पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेव, म्हणजे भुंग्याचं नाव नको, आणि मग बरणीत. माझ्या आठ काठ्यांच्या एका तंबूतून गेल्या वर्षी सव्वा किलो दाणा निघाला. आमच्या दोघांच्या घराला तो मार्चपर्यंत पुरला.

मधल्या अवस्थेतले, म्हणजे शेंग फुगलीय पण वाळली नाही, असे ओले दाणेही काढ. ओल्या पावट्यासारखे. त्यांनाही तो दहा मिनिटांचा उकळा द्यायचाच, मग आणखी वीस मिनिटं मऊ होईपर्यंत. मी त्यांचं बिरडं करते. साल जाड असते, उकडल्यावर चिमटीत धरून दाबलं की दाणा सुळकन बाहेर येतो. तेलावर मोहरी, हिंग, हळद, भरपूर कांदा, ओलं खोबरं-लसूण-जिऱ्याचं वाटण, चार आमसुलं आणि गुळाचा खडा. वाळलेल्या दाण्यांचं तू सासूबाईंवर सोपव. कांदा-लसूण मसाला आणि दाण्याचं कूट घालून त्या जो रस्सा करतील, त्याची कृती मलाच पाठव.

राहिले दोन तंबू आणि तुझा फ्रीझर. शेंगा रबरासारख्या झाल्या त्याची कारणं दोन असणार. एक, शेंगा मोठ्या झाल्यावर तोडल्या. वीतभर लांबीच्या आत असते तीच शेंग ठेवण्याजोगी. मोडून बघ : कट्ट आवाज होऊन तुटली तर ठेव, वाकली किंवा कडेचा दोरा ओढला गेला तर आजच्या आमटीत टाक. दुसरं, तू त्या उकळत्या पाण्यातून काढल्या नसणार. गवताचा वास त्याचाच. शेंग तोडली तरी तिच्यातली विकरं (एन्झाइम) कामच करत राहतात, थंडीने ती मंदावतात, थांबत नाहीत. उकळीने थांबतात. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळू दे, एका वेळी अर्धा किलोच शेंगा टाक, पुन्हा उकळी आल्यापासून दोन मिनिटं मोज, आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. मग पंच्यावर पसरून अगदी कोरड्या कर. ट्रेमध्ये सुट्या सुट्या गोठव आणि नंतर पिशवीत भरून हवा दाबून काढ. इंग्रज बायका या शेंगा तिरक्या, बारीक चिरतात. ते ताज्या शेंगेला छान, गोठवायला नाही. गोठवायच्या तर बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे ठेव. बाहेर काढून वितळू द्यायच्या नाहीत, गोठलेल्याच तापलेल्या फोडणीत टाकायच्या.

एवढं करूनही फ्रीझरमधल्या शेंगेची सुकी, परतलेली भाजी मला आवडत नाही. मूगडाळ घालून पातळसर भाजी, पावभाजी, मिश्र भाज्यांचा रस्सा, यात ती खपते. म्हणून माझं मत विचारशील तर सहा-सात पिशव्या कर आणि थांब. फ्रीझरला दुसरीही कामं असतात.

मिठातल्या बरणीबद्दल. फ्रीझर नव्हते तेव्हा, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर घरोघरी, इथे शेंगा मिठात घालत. ते आजोबा त्यांच्या आईची दगडी बरणी दाखवायचे, तपकिरी, गुडघ्याएवढी. प्रमाण तीन भाग शेंगा, एक भाग मीठ, वजनाने. ऐकून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. मीही पहिल्यांदा "एवढं कशाला" म्हणून मीठ निम्मं केलं, आणि तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर वर फेस आणि शेंगांवर बुळबुळीत थर. तीन किलो शेंगा गेल्या. तुझंही तेच झालं असणार. मीठ कमी पडलं की चिकट होतातच. करायचंच असेल तर जाडं मीठ घे, काचेची किंवा चिनी मातीची बरणी घे, थरावर थर दाबून भर, चार दिवसांनी खाली बसलं की वरून आणखी भर. काढताना धुऊन दोन तास कोमट पाण्यात ठेवायच्या आणि बिनमिठाच्या पाण्यात शिजवायच्या. पण घरात फ्रीझर आहे आणि सासूबाईंना रक्तदाब असण्याचं वय आहे. मी तरी आता मिठात घालत नाही.

आणि ती व्हिडिओतली बरणी करू नकोस. विनंती नाही, हट्ट समज. शेंगा आंबट नसतात. हवाबंद बरणीत, आंबटपणा नसलेल्या पाण्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवघेणं विष बनवणारा जंतू वाढतो. त्याचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीतही मरत नाहीत, तासन् तास उकळलंस तरी. त्यासाठी वाफेच्या दाबाखाली 116 अंशांच्या वर, ठरलेला वेळ तापवावं लागतं, आणि ते घरच्या डाळभाताच्या कुकरमध्ये बरण्या ठेवून अंदाजाने करण्याचं काम नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्या बरणीला वास येईलच, रंग बदलेलच असं नाही. तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या शेंगांचीही तीच गत. बरणी भरायची तर व्हिनेगरची.

व्हिनेगरची चटणी मात्र जरूर कर. इथल्या गावजत्रांत 'रनर बीन चटणी' हमखास असते, पिवळीधमक, हळद आणि मोहरी घातलेली. शब्द आपला, मसाला आपला, आणि एका इंग्रज बाईने कौतुकाने हातात ठेवलेली ती पहिली बरणी उघडली तेव्हा मला माहेरच्या मोहरी फेसलेल्या लोणच्याचा वास आला होता. माझं प्रमाण : चिरलेल्या शेंगा 1 किलो, कांदे 600 ग्रॅम, माल्ट व्हिनेगर 750 मिली (बाटलीवर आम्लता 5 टक्के लिहिलेली बघून घे), डेमरेरा (जाड, तपकिरी) साखर 500 ग्रॅम, हळद 2 चमचे, मोहरीची पूड दीड मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर 2 मोठे चमचे, मीठ 2 चमचे. मी यात चार हिरव्या मिरच्याही घालते. शेंगा पाच मिनिटं उकडून निथळून घे. कांदा थोड्या व्हिनेगरमध्ये मऊ शिजव, मग शेंगा, साखर, मीठ आणि बाकीचं व्हिनेगर, पण पाव कप मागे ठेव. पंधरा-वीस मिनिटं रटरटू दे. मागे ठेवलेल्या व्हिनेगरमध्ये हळद, मोहरी, कॉर्नफ्लोअर कालवून घाल आणि आणखी दहा मिनिटं ढवळत राहा. डाव फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला की झाली. ओव्हनमध्ये तापवलेल्या बरण्यांत गरम गरम भर. पातेलं स्टीलचं हवं, तांब्या-पितळेचं नको. महिनाभर हात लावायचा नाही, आधी ती नुसती आंबट लागते. पाच-सहा बरण्या होतील. डिसेंबरात शेजाऱ्यांना द्यायला यासारखं दुसरं काही नाही.

वाळवण विचारलं नाहीस, तरी सांगते. गवारीच्या शेंगा ताकात बुडवून वाळवतो तसं कोवळ्या रनर बीन्सचं छान होतं. दोन मिनिटं उकळून घेतलेले तुकडे आंबट ताक, मीठ, हिंग, जिरेपुडीत रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे आणि ओव्हनमध्ये 60 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, आठ-दहा तास. इथल्या उन्हावर विसंबू नकोस. खळ्ळकन मोडले की डब्यात. तळून खिचडीबरोबर वाढ, मुलांना आवडतील.

आणि पुढच्या मेमध्ये दोनच तंबू उभार. चौघांच्या घराला हिरव्या शेंगांसाठी आठ काठ्या पुरतात, दुसरा दाण्यासाठी.

प्रश्न : मुलीने लंडनहून 'स्कार्लेट एम्परर' जातीचं बी आणलं. कोथरूडला गच्चीवर कुंडीत लावलं. वेल जोरात, लाल फुलं भरपूर, पण एकही शेंग नाही. खत कमी पडलं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खताचा दोष नाही, काका. हा थंड डोंगरातला वेल आहे. दिवस तापले आणि रात्रीही उबदार राहिल्या की फूल गळतं, शेंग धरत नाही. इंग्लंडमध्येसुद्धा एखादा उन्हाळा कडक गेला की हीच ओरड होते. शिवाय त्याला भुंगेमाशी (बम्बलबी) फुलावर बसावी लागते, आणि गच्चीवर ती येईलच असं नाही. फुलांसाठी ठेवा, मुलीने प्रेमाने आणलंय. भाजीसाठी शेजारच्या कुंडीत श्रावणघेवडा लावा, त्याला माशीची गरज नाही. आणि मोठा दाणा हवा असेल तर डबल बी. ती उष्णतेला डगमगत नाही.

प्रश्न : रनर बीन्सच्या मुळाशी रताळ्यासारखे कंद सापडले. खायचे का? आणि घरचं बी पेरलं तर तीच जात येते का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : कंद खाऊ नका. हा वेल मुळात बहुवर्षायू आहे, इथल्या थंडीत गोठतो म्हणून आपण दरवर्षी बी पेरतो. डेलियाचे कंद ठेवता तसे हे काढून, किंचित ओलसर मातीत, गोठणार नाही अशा जागी ठेवले तर मेमध्ये लावता येतात आणि फूल लवकर येतं. मी दोन-तीन वर्षं केलं, आता करत नाही, बी इतकं सहज उगवतं. जातीचं म्हणाल तर मधमाश्या आणि भुंगेमाश्या एका प्लॉटवरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे अलॉटमेंटवर शुद्ध जात राहत नाही. माझ्या जांभळ्या दाण्यांत आता दर वर्षी काही पांढरे आणि दोन-चार पूर्ण काळे निघतात. पेरायला त्यातले सगळ्यात भरलेले चाळीस मी आधी बाजूला काढते, मग बाकीचे कुकरकडे जातात.